माझी टूवूंबाची शाळा

लहानपण माणसाला एकदाच मिळतं म्हणतात. मला दोनदा मिळालं. पहिलं चौथीत असताना संपलं, आणि दुसरं सुरू झालं ते साठी उलटल्यावर, ऑस्ट्रेलियात, टूवूंबा नावाच्या गावी, नातीच्या वर्गातल्या एका बुटक्या निळ्या खुर्चीवर. त्या खुर्चीत बसलं की गुडघे हनुवटीशी यायचे आणि उठताना कुणाला तरी हात द्यावा लागायचा. पण त्या बसण्यात जे सुख होतं ते पुढे सिडनीच्या मऊ सोफ्यावर काही मिळालं नाही. ती खुर्ची कशी मिळाली आणि कशी सुटली, एवढंच या प्रकरणात सांगायचं आहे.

पहिल्या लहानपणाचं थोडं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझे वडील, अण्णा, पाटबंधारे खात्यात होते. तालुक्याच्या गावाहून त्यांची बदली कालव्यावरच्या चौकीत झाली. चौकी म्हणजे दोन खोल्या, दारात एक बाभूळ आणि अष्टौप्रहर वाहत्या पाण्याचा आवाज. जायच्या आधी अण्णांनी पिण्याचं पाणी कुठून आणायचं ते विचारलं, साप निघतात का ते विचारलं, किराणा कुठल्या गावाहून भरायचा ते विचारलं. शाळेचं विचारायचं राहिलं. मुद्दाम नाही हो, राहिलंच. भाऊ अजून रांगत होता आणि मुलीच्या शाळेवाचून तेव्हा कुणाचं अडत नव्हतं. मी चौथीची पाटी घेऊन त्या चौकीत गेले आणि तिथेच माझी शाळा संपली. पुढे लग्न होऊन चिंचवडला आले. आमचे हे कंपनीच्या वाचनालयातून पुस्तकं आणायचे. ती मी अडखळत अडखळत वाचली, आणि त्या अडखळण्यातूनच आज हे लिहिण्याइतकी शिकले. माझ्या निलेशला भरवताना मी या चौकीचं सांगायची. बाकीच्यांची मुलं चिऊकाऊ ऐकत जेवली, माझा मुलगा कालव्यावरच्या चौकीचं ऐकत जेवला. शेवटी मी नेहमी एकच वाक्य म्हणायची. 'आधी शाळा बघावी बाळा, मग घर बघावं.' भात संपेपर्यंत ते वाक्य त्याच्या पोटात किती खोल गेलं असेल, याचा विचार तेव्हा कशाला येतो मनात.

तर हे गेल्यावर निलेश मला टूवूंबाला घेऊन गेला. तो तिथल्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं काम बघायचा. माझी सून मानसी युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात होती, तिकडे युनिव्हर्सिटीला सगळे नुसतं 'युनि' म्हणतात. आणि त्यांची सई तेव्हा पहिलीत होती. गाव डोंगराच्या माथ्यावर, थंडीत सकाळी गवत पांढरंफेक व्हायचं. माती मात्र तांबडी, आपल्या कोकणातल्यासारखी. सईचे मोजे विकत घेतले त्या दिवशी काय ते पांढरे होते. बस इतकी क्वचित यायची की दिसली तर सई टाळ्या वाजवायची. घर लाकडी, वर पत्रा. जमीन पायाखाली कुरकुरायची, त्यामुळे कोण कुठल्या खोलीत आहे ते मला ओट्याशी उभ्या उभ्या कळायचं. परसात काळेपांढरे मॅगपाय पक्षी यायचे, त्यांचं गाणं म्हणजे सुरईतून पाणी ओतल्यासारखं. मी परसात मेथी लावली, ती आली. कढीपत्ता कुंडीत लावला, तो मात्र थंडीने सारखा रुसायचा. रात्री त्याला घरात घ्यायचं, सकाळी बाहेर ठेवायचं. मानसी म्हणायची, 'आई, सईच्या अंथरुणात झोपवा त्याला.'

सईला शाळेतून रोज एक पातळ पुस्तक यायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. ते घरच्या मोठ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि त्या माणसाने वहीत सही करायची, एवढाच अभ्यास. निलेश-मानसी घरी येईपर्यंत अंधार पडायचा, तेव्हा घरचं मोठं माणूस म्हणजे मी. मी कणीक तुपात भाजत असायची आणि सई ओट्याजवळच्या स्टुलावर बसून वाचायची. वाचणं तरी काय, अक्षराखाली बोट, आणि दर चित्राला मुक्काम. एक कोंबडीचं पुस्तक होतं. ती कोंबडी खुराडं सोडून ट्रॅक्टरच्या जुन्या टायरात अंडी घालते, आणि शेतकरीण सगळीकडे शोधत फिरते. एवढंसं पुस्तक, पण ते दोन-तीन संध्याकाळी पुरलं. कोंबडी टायरात शिरली की सई थांबायची. 'आजी, तिला आत गरम होत असेल का गं?' मग टायर उन्हात की सावलीत यावर आमची चर्चा. शेतकरीण दिसली की, 'आजी, ही रागावलीय का घाबरलीय?' मी म्हणायची, दोन्ही असेल, मी पण तुझ्या बाबाला शोधताना तशीच दिसायची. तोवर इकडे कणीक खमंग व्हायची, गूळ पडायचा, वड्या थापून व्हायच्या, आणि कोंबडी अजून टायरातच. मी बाजूला उभी राहून शब्द बघायची. हेन, नेस्ट, टायर. हे तीन शब्द मी इंग्रजीत वाचायला शिकले ते असे, गुळाच्या वासात.

सही मी मराठीत करायची. 'सुमन', आणि शेवटच्या अक्षराखाली एक रेघ. दुसरी सही मला येतच नव्हती. काही आठवडे गेले आणि सईच्या बाईंनी, मिसेस हेंड्रींनी, तिला विचारलं की ही सुंदर नक्षी रोज कोण काढतं. सईने सांगितलं, माय आजी. दुसऱ्या दिवशी सकाळी सईला सोडायला मीही गेले होते, तेव्हा मिसेस हेंड्री आमच्या गाडीच्या खिडकीशी आल्या. उंच, ठिपक्याठिपक्यांच्या चेहऱ्याच्या, पायात थंडीतही चपला. त्यांनी मानसीला विचारलं, आजी दर बुधवारी वर्गात येतील का, मुलांचं वाचन ऐकायला. मी मानसीला म्हटलं, त्यांना सांग, मला इंग्रजी येत नाही. मानसीने सांगितलं. बाई हसल्या आणि काहीतरी बोलल्या. मानसी माझ्याकडे वळून म्हणाली, 'आई, त्या म्हणतात, मग तर फारच छान. जिला येत नाही तिच्यासमोर मुलं चुकायला घाबरत नाहीत.'

त्यासाठी माझं एक कार्ड काढावं लागलं, मुलांत काम करणाऱ्या मोठ्यांना तिथे लागतं तसं. निळं, माझ्या फोटोचं. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला शाळेत शिरायचं कार्ड मिळालं, आणि ते मी देव्हाऱ्यात ठेवलं तेव्हा निलेश खूप हसला. मग दर बुधवारी मानसी आम्हा दोघींना फाटकाशी सोडायची आणि आम्ही दोघी आत जायचो. सईच्या पाठीवर दप्तर, माझ्या खांद्याला पर्स आणि हातात वड्यांचा डबा. वर्गाच्या कोपऱ्यात ती निळी खुर्ची. एकेक मूल यायचं, शेजारी बसायचं आणि मला वाचून दाखवायचं. त्यांना पक्कं वाटायचं की ती मला शिकवताहेत, आणि ते खरंच होतं. रूबी नावाची एक मुलगी होती, तिच्या घरी गुरं होती. ती माझं बोट धरून शब्दाखाली ठेवायची आणि मला म्हणायला लावायची. मी चुकले की म्हणायची, 'नो वरीज, आजी. ट्राय अगेन.' आयुष्यात मला इतकं प्रेमाने कुणी पुन्हा करून बघ म्हटलं नव्हतं. गूळपापडीच्या वड्यांचं नाव त्या मुलांनी 'आजी फज' ठेवलं, फज म्हणजे तिकडची बर्फी. शाळेच्या खाऊच्या खिडकीतसुद्धा महिन्यातून एकदा 'आजी फज' मिळू लागली. सई वर्गात अशा तोऱ्यात फिरायची की जणू मी मुख्याध्यापक आहे. सबंध शाळेत आजी एकच होती, आणि ती तिची होती.

अशी पहिली झाली, दुसरी झाली. मी म्हणते मी पण तेवढीच शिकले, दोन इयत्ता. तिसरीत मात्र निकालपत्रात पहिल्यांदा अक्षरं आली.

ते निकालपत्र मला आजही दिसतं, कारण त्या दिवशी जेवणं थंड झाली. निलेशने ते टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात मागे घेतले, चटका बसल्यासारखे. इंग्रजीला सी, गणिताला सी, विज्ञानाला सी. खेळाला बी. आता तिकडे सी म्हणजे त्या वयाच्या मुलाला जेवढं यायला हवं तेवढं येतं. खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं, मानसीने मला वाचून दाखवलं. पण आपल्या माणसाच्या डोळ्याला ते बारीक अक्षर दिसत नाही. आपण ए पासून मोजत खाली येतो. निलेश चिंचवडच्या शाळेत कधी दुसरा आला तरी जेवायचा नाही, त्याला तीन सी कसे पचावेत. शिवाय सईला गृहपाठ नाही, परीक्षा नाही, पहिला नंबर कुणाचा ते विचारलं तर ती सांगायची, पळण्यात रूबीचा. आपल्याकडे गृहपाठ नाही म्हणजे शाळाच नाही. निलेशला इतके दिवस जी शंका होती तिला त्या दिवशी कागद मिळाला.

दोघं मिसेस हेंड्रींना भेटायला गेली. मलाही नेलं, कारण सईला एकटं घरी ठेवता येत नव्हतं आणि बाहेर तिच्याजवळ कुणी बसायला हवं होतं. परत येताना गाडीत मानसी म्हणाली, 'बाई म्हणाल्या ना, शी इज एक्झॅक्टली व्हेअर शी शुड बी. असायला हवी तिथेच आहे ती.'

'असायला हवं तिथे,' निलेश म्हणाला. 'आपण इथपर्यंत आलो ते काय असायला हवं तिथे राहून?'

सई माझ्या शेजारी बसून काचेवर वाफ सोडत होती आणि त्या वाफेत बोटाने कोंबडी काढत होती. तिने ऐकलं की नाही मला माहीत नाही. माझ्या तर ते वाक्य कानांतून आजवर गेलेलं नाही. कारण ते खोटं नव्हतं. असायला हवं तिथे राहिला असता तर माझा मुलगा चिंचवडलाच राहिला असता.

त्यानंतर फोन सुरू झाले. निलेशचा कॉलेजचा मित्र पराग सिडनीला, क्वेकर्स हिलला राहायचा. मी पोळ्या लाटत असायची आणि फोन स्पीकरवर. 'नील्या, तू अजून किती दिवस पोरीला गुरं राखायला शिकवणार आहेस?' असं परागचं बोलणं. मनाने चांगला, जिभेला हाड नाही. त्याने निलेशला कॅचमेंट समजावून सांगितला. म्हणजे असं, की प्रत्येक सरकारी शाळेभोवती नकाशावर एक रेघ असते. रेघेच्या आत राहत असाल तर शाळेला तुमचं मूल घ्यावंच लागतं, बाहेर असाल तर चांगल्या शाळा दारातूनच परत पाठवतात. म्हणून आपली माणसं आधी शाळांचे नंबर बघतात, मग रेघ बघतात आणि मग त्या रेघेच्या आत मिळेल त्या खुराड्यात जाऊन राहतात. पराग स्वतः क्वेकर्स हिलचं चार खोल्यांचं घर भाड्याने देऊन अशाच एका रेघेत शिरायच्या बेतात होता. 'कांदे-बटाटे घेताना निवडून घेतोस ना? मग शाळा काय दाराशी आली ती घ्यायची?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण मला कोण विचारतं.

तरी मी एकदा बोलले. शनिवारची दुपार, तो परसात सईच्याच झोपाळ्याची दोरी बांधत होता. मी म्हटलं, निलेश, पोर आनंदात आहे रे. तो म्हणाला, 'आई, म्हणूनच तर भीती वाटते.' मी म्हटलं, भीती कसली? त्याने दोरी सोडून दिली आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हा तो मला चाळिशीचा वाटला नाही, ताटासमोर बसलेला माझा मुलगा वाटला.

'तूच सांगायचीस ना, आई. अण्णांनी पाणी विचारलं, साप विचारले, शाळा नाही विचारली. मी विचारतोय. मी तरी विचारतोय ना?'

माझंच दुःख त्याने इतकी वर्षं जपून ठेवलं होतं आणि आता माझ्या नातीसाठी खर्चायला काढलं होतं. मी घरात येऊन मेथी निवडत बसले.

सिडनीला जायचं ठरलं. शेवटच्या बुधवारी मी दुप्पट वड्या केल्या. मुलांनी मला चित्रं दिली. बहुतेकांनी मला साडी नेसवली होती आणि एकाने मिशाही काढल्या होत्या, का ते विचारलं नाही. मिसेस हेंड्रींनी माझे दोन्ही हात हातात घेतले. पण त्यांचं काय बोलणं झालं ते मला आठवत नाही. आठवते ती रूबी. ती नेहमीसारखी शेजारी येऊन बसली, तिने पुस्तक उघडलं आणि मिटलं. मला म्हणाली, आता तुला वाचून कोण दाखवणार? इतकं इंग्रजी मला तोवर कळायला लागलं होतं. मी म्हटलं, 'सई. सई विल रीड.' तिने जरा विचार केला आणि मान डोलावली, माझी सोय बरी लागली म्हणून.

सिडनीत घर बघायला गेलो तो शनिवार होता. एका फ्लॅटसमोर रांग, सगळे आपल्यासारखे आणि चिनी, कडेवर मुलं. आत कुणी नळ सोडून बघत नव्हतं, कपाट उघडत नव्हतं. सगळे फोनमधला नकाशा बघत होते. मानसी मला हळूच म्हणाली, 'आई, तुम्ही तरी किचन बघून या, कुणीतरी बघायला हवं.' मी बघून आले. खिडकीतून खालच्या गाड्या दिसत होत्या, आणि ओट्यावर कढई ठेवली तर पोळपाट ठेवायला जागा नव्हती. पण घर रेघेच्या आत होतं, म्हणून ते आम्ही घेतलं. मी आणि सई एका खोलीत. मी कणीक भाजायला घेतली की छताला लावलेला, धूर झाला की वाजणारा भोंगा बोंबलायचा आणि निलेश टॉवेल घेऊन त्याच्याखाली नाचायचा, त्यामुळे गूळपापडी हळूहळू बंदच झाली. मानसीला नवी नोकरी मिळाली ती दीड तासावर. सगळ्या घरात एकटा कढीपत्ता खूश होता. सिडनीची ऊब लागली आणि तो बाल्कनीत असा फोफावला की वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानातून आणायची गरज राहिली नाही.

शाळा वाईट नव्हती. हे नीट लिहायला हवं, कारण रागाच्या भरात मी घरात पुष्कळ काही बोलले आहे. इमारत नवी, बाई तरुण आणि गोड बोलणाऱ्या, मुलं हुशार. फक्त पहिल्या दिवशी मी फाटकाशी पोचले आणि थबकलेच. तिथे आज्यांची रांग होती. तेलुगू आज्या, गुजराती आज्या, पंजाबी आज्या, चिनी आज्या, साडीखाली बूट, डोक्यावर टोप्या, आणि प्रत्येकीच्या खांद्यावर नातवंडाचं दप्तर. फाटकाशी येईपर्यंत दप्तर आजीच्या खांद्यावर, तिथून पुढे मुलाच्या. मूल आत, आजी बाहेर. टूवूंबाला सबंध शाळेत मी एक होते. इथे प्रत्येकाच्या घरी आजी होती, मग एखादीचं कौतुक कुणाला असणार?

पहिल्या बुधवारी सवयीने मी डबा घेऊन निघाले. भोंगा बोंबलू देऊन वड्या केल्या होत्या. फाटकातून आत पाऊल टाकणार, तेवढ्यात सईने माझा पदर धरला. घट्ट, तरी कुणाला दिसू नये असा. सकाळचं ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं.

'आजी, डोन्ट कम इनसाइड, प्लीज. इथे आज्या बाहेर असतात.'

ती रागावली नव्हती. मला समजावून सांगत होती, नव्या गावात नियम काय आहे ते. दोन दिवसांत पोरीने ते ओळखलं होतं. तिने माझ्या खांद्यावरून दप्तर घेतलं, इकडेतिकडे बघितलं आणि आत गेली. मी वड्यांचा डबा रांगेतल्या एका चिनी आजीपुढे धरला. तिने एक वडी घेतली, चावून बघितली, मान हलवली आणि तिच्या पिशवीतलं एक संत्रं मला दिलं. आमची भाषा एक नव्हती, पण आम्ही दोघी बराच वेळ त्या बंद फाटकाकडे तोंड करून खात उभ्या होतो.

घरचं वाचन मात्र माझं राहील असं मला वाटलं होतं. रूबीला मी शब्द दिला होता. पण चौथीत तिकडे मोठी परीक्षा असते, हुशार मुलांच्या वेगळ्या वर्गासाठी, आणि तिच्यासाठी शनिवारचा क्लास लागला. आता पुस्तक नाही, टॅबलेट. त्यावर उतारा यायचा, कोपऱ्यात घड्याळ उलटं पळायचं, खाली प्रश्न. मी शेजारी खुर्ची ओढून बसले. सई बघत होती आणि ओठ मिटलेले. मी म्हटलं, वाच ना मोठ्याने, मला पण कळू दे. ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, 'आता मनात वाचायचं असतं, आजी. मोठ्याने वाचलं की स्पीड कमी होतो. आणि पिक्चर्स बघायची नाहीत. टाइम जातो.'

मी खुर्ची परत जागेवर ठेवली.

सईला त्या वर्गात प्रवेश मिळाला. सी गेले, बी आले, मग ए आले आणि स्थिरावले. निलेशने वेंटवर्थव्हिलहून पेढे आणले, परागने फोनवर शिट्टी वाजवली. मी देवापुढे साखर ठेवली, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. पोरीने कष्ट केले होते. आनंद खोटा नव्हता, म्हणून तर दुःख कुठे ठेवावं ते कळत नाही. काही बिघडलं असतं तर कुणाला तरी बोलता आलं असतं. इथे सगळं ठरवलं तसंच झालं. फक्त संध्याकाळी घरात आवाज राहिला नाही. सई मराठीत विचारलेल्याचं इंग्रजीत उत्तर द्यायला लागली, आणि तीही उत्तरं 'गुड', 'फाइन', 'ओके' एवढीच, उताऱ्याखालच्या प्रश्नांना देतात तशी.

परवा, म्हणजे या थंडीतलीच गोष्ट, मी आणि निलेश वेंटवर्थव्हिलला गाडीत बसलो होतो. मानसी दुकानात भाजी घेत होती. निलेश स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या मिठाईच्या दुकानाकडे बघत होता. आता त्याचेही केस पिकलेत. मध्येच म्हणाला, 'आई, ती माझ्याशी बोलत नाही गं. रागावलेली नसते. तिला बोलायलाच काही नसतं.' मग म्हणाला, 'तिकडेच राहायला हवं होतं का?'

मी म्हटलं, ते आता कुणाला सांगता येणार?

'तू अडवायचंस मला.'

'अडवलं असतं आणि तू थांबला असतास, तर आज म्हणाला असतास की आईमुळे पोरीचं शिक्षण राहिलं. अण्णांनी गाव बघितलं, शाळा बघायची राहिली. तू शाळा बघितलीस, गाव राहिलं. काहीतरी राहतंच रे.'

तो हसला नाही. मानसी पिशव्या घेऊन येताना दिसली तशी त्याने गाडी सुरू केली.

त्यानंतरच्या रविवारी मी कपाटातल्या जुन्या साड्या काढत होते. एका साडीच्या घडीतून ती प्लास्टिकची पिशवी निघाली. आत कोंबडीचं पुस्तक. टूवूंबाहून सामान बांधताना गडबडीत आमच्याबरोबर आलेलं. शाळेचं होतं, परत द्यायला हवं होतं. आता तिथल्या कितीतरी मुलांनी त्या कोंबडीशिवाय पहिली पार केली असेल. कोपऱ्याला तुपाचा डाग तसाच.

सई पलंगावर होती. आता ती ट्रेनने शाळेला जाते, माझ्याहून वीतभर उंच आहे. मी पुस्तक तिच्यापुढे धरलं. तिने एका कानातला इअरफोन काढला, मुखपृष्ठ बघितलं आणि हसली, खरंच हसली. 'ओ माय गॉड, द चिकन.' मी म्हटलं, वाचून दाखव ना.

'ऑल ऑफ इट?'

'असेल तेवढं.'

ती माझ्या शेजारी सरकून बसली. मी चष्मा लावला, पुस्तक दोघींच्या मांडीवर उघडलं आणि सवयीने पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. सईने वाचायला सुरुवात केली. काय सुरेख उच्चार, काय स्वच्छ. कोंबडी टायरात शिरली, शेतकरीण शोधून दमली, अंडी सापडली, सगळं एका दमात. पानं ती माझ्या बोटावरूनच उलटत गेली. कुठे अडली नाही, कुठे थांबली नाही. टायर उन्हात होता की सावलीत, शेतकरीण रागावली होती की घाबरली होती, काही नाही.

'डन, आजी,' ती मायेने म्हणाली, माझ्या गालाला गाल लावला आणि इअरफोन परत कानात घातला.

मी पुन्हा पहिल्या पानावर आले. हेन, नेस्ट, टायर. बोट ठेवलं आणि, घरात आमच्याशिवाय कुणी नव्हतं म्हणून, मोठ्याने वाचायला लागले.